कोरडा बाप्तिस्मा

स्लेडबी गावच्या प्राथमिक शाळेत जिन्याखाली एक कपाट आहे आणि त्यात जगातले धर्म राहतात. एकेकाला एकेक प्लॅस्टिकचा डबा, झाकणावर नाव. कपाटाची किल्ली ब्रेंडा ब्रॅनिगनच्या गळ्यात. कागदोपत्री ती वर्गातली मदतनीस, म्हणजे पोरांची नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायच्या, भांडणं सोडवायची. पण धर्मशिक्षणाचा तास आला की नवे-जुने सगळे शिक्षक तिच्याच दाराशी येत.

"ब्रेंडा, ज्यू आहेत का गं मोकळे?"

"आहेत, पण मेणबत्त्या संपल्यात. आज शीख घेऊन जा."

ब्रेंडा आधी लोकरीच्या गिरणीत होती. गिरणीला कुलूप लागल्यावर शाळेच्या जेवणघरात वाढायला लागली आणि तिथून हळूहळू वर्गात सरकली. शिक्षण बेताचं, पण डब्यांच्या बाबतीत तिच्यापुढे कुणाची मिजास चालत नसे. नमाजाच्या चटईवर कुणी बुटाचा पाय ठेवला तर त्याचं त्या दिवशी काही खरं नव्हतं. केशरी डब्यातल्या गणपतीचा एक दात तुटलेला पाहून ती फार हळहळली होती. घरी नेऊन तिनं मातीचा नवा दात बसवला, वर रंगसुद्धा दिला. पुढे एका मुलाच्या आजीनं हसत हसत सांगितलं की त्याचा तो दात तुटकाच असतो. ब्रेंडाचा चेहरा उतरला. तिनं कपाटाचं दार लोटून घेतलं, नवा दात खरवडून काढला आणि गणपतीला "माफ कर हं बाबा" म्हणून परत डब्यात ठेवलं.

अलीकडे कौन्सिलच्या नव्या अभ्यासक्रमात आलं की देव न मानणारी माणसंही एका विचारानं जगतात, तोही मुलांना शिकवा. त्यामुळे आणखी एक डबा आला, अगदी रिकामा. त्यात काय घालायचं ते कुणालाच सुचेना. शेवटी पहिलीतल्या जूनीची आई, टॅमसिन, स्वतः देव न मानणारी, तिनं एक भिंग आणि पृथ्वीचं एक चित्र आणून दिलं. ब्रेंडाला तो डबा आवडायचा, कारण पुसायला काहीच नव्हतं.

या सगळ्या डब्यांना तिचा एक नियम होता. दाखवायचं, करायचं नाही. चटई पसरून दाखवायची, पण पोरांना तिच्यावर वाकायला लावायचं नाही. आरतीचं तबक दाखवायचं, ओवाळायचं नाही. दुसऱ्याच्या देवाशी खेळू नये, एवढं तिला कुणी न शिकवता कळत होतं.

फक्त ख्रिस्ती डब्याला हा नियम नव्हता. त्यातलं सगळं करायचं. नाताळात पोरं डोक्याला टॉवेल गुंडाळून मेंढपाळ व्हायची, वर्गात पाव मोडायची, चर्चमध्ये जाऊन खोटी लग्नं लावायची. आपलंच तर आहे, त्यात कोण कशाला वाईट वाटून घेईल, असं सगळ्या गावाचं मत. आणि हे गाव असं, की नाताळ, लग्न आणि मयत सोडलं तर चर्चच्या वाटेलाही जाणार नाही. ज्याच्यावर स्वतःचा विश्वास उरलेला नाही, त्याच्याशी खेळायला माणसं मोकळी होतात, दुसरं काय!

तर दर वर्षी वसंतात पहिलीचा वर्ग रांगेनं चर्चमध्ये जाई आणि तिथे बाहुलीचा बाप्तिस्मा होई. एक पोर आई, एक बाप, दोघं धर्मपिता आणि धर्ममाता. पाद्रीबाई फिलिपा बाहुली हातावर घेऊन दगडी कुंडापाशी उभ्या राहत आणि "इथे आपण पाणी घालतो, इथे आपण नाव घेतो" असं नुसतं सांगत. कुंड कोरडं आणि बाहुलीही कोरडी. मग ब्रेंडानं भाजून आणलेला केक. कुंड कोरडं का, हे ब्रेंडानं कधी विचारलं नाही. अंगरखा भिजू नये म्हणून फिलिपाबाई जपतात, अशी तिची समजूत होती, आणि त्याबद्दल ती मनातल्या मनात त्यांचे आभार मानायची.

कारण बाहुलीच्या अंगातला तो लांब पांढरा लोकरीचा अंगरखा ब्रेंडानं विणलेला होता, आणि बाहुलीसाठी विणलेला नव्हता.

राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली, सत्याहत्तरचा तो उन्हाळा. गल्लोगल्ली पताका लागलेल्या, रस्त्यात टेबलं मांडून जेवणावळी चाललेल्या, आणि ब्रेंडाला दिवस भरायच्या फार आधी हॉस्पिटलात न्यावं लागलं. पोट फाडून मूल काढलं. तिला वरच्या मजल्यावर निजवलं आणि त्याला खाली काचेच्या पेटीत ठेवलं. मुलगा होता, नाव सायमन ठरलेलं. तो टिकेल असं कुणी बोलत नव्हतं. ती सारखी एकच सांगत राहिली, पाद्रींना बोलवा, त्याला नाव देऊ द्या. तेव्हाचे पाद्री काउलिंग कुठल्याशा जेवणावळीत होते. निरोप गेला, "निघालेच आहेत" असं उत्तर आलं, आणि ते आले तेव्हा मूल गेलेलं होतं. ब्रेंडानं सायमनला पाहिलं ते कापडात गुंडाळलेलं, डोळे मिटलेलं. मातीच्या वेळी काउलिंगनी पुस्तक मिटून काखेत धरलं. ह्यातले शब्द बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतात, म्हणाले. दोन ओळींची कसलीशी प्रार्थना पुटपुटले आणि टोपी घालून निघून गेले.

त्यानंतर ब्रेंडानं चर्चमध्ये गुडघा टेकला नाही. काउलिंग वारले आणि त्यांना पोहोचवायला सारं गाव गेलं तेव्हा ती घरी केक करत होती, आणि केक छान फुगला होता असं ती कुणी न विचारता सांगायची. तो माणूस उशिरा आला म्हणून माझा पोरगा नावाशिवाय गेला, हे एक वाक्य उशाशी घेऊन तिनं जवळजवळ चाळीस वर्षं काढली. शाळेत कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. नवरा जेरी, त्याला अर्थातच ठाऊक होतं. पण त्या घरात सायमनचं नाव निघत नसे.

यंदाही सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. फिलिपाबाईंचा कोरडा बाप्तिस्मा आटोपला आणि त्यांचा फोन वाजला. हॉस्पिटलात कुणाची तरी शेवटची घटका आली होती. फिलिपाबाई ब्रेंडाच्या खांद्यावर हात ठेवून धावतच गेल्या. ही निदान धावली, असं ब्रेंडाच्या मनात आलं. वर्गाचे मास्तर दोन पोरांना लघवीला घेऊन बाहेर गेलेले. ब्रेंडा केक कापायला वळली.

"पण ती भिजलीच नाही," जूनी म्हणाली.

जूनीचं खरं नाव ज्युनिपर. पुढचे दोन दात पडलेले, आणि तोंडातून निघालेला प्रश्न उत्तर मिळाल्याखेरीज परत घ्यायची सवय नाही. आज ती बाहुलीची मोठी बहीण झाली होती.

"भिजायचं नसतं, राणी. नाटक आहे ना ते."

"मग झालंच नाही."

"झालं गं. आणि अंगरखा लोकरीचा आहे. पाणी लागलं की आटतो."

"मग माझ्यावर घाला," जूनी म्हणाली. "मी नाही आटत."

पोरं खिदळली. ब्रेंडालाही हसू आलं. मुलांना प्यायला आणलेली पाण्याची बाटली हाताशी होती. तिनं ओंजळीत पाणी घेतलं आणि जूनीच्या कपाळावर सोडलं, एकदा, दोनदा, तीनदा. शब्द तिला तोंडपाठ होते, इतकी वर्षं ऐकून कुणालाही झाले असते. "ज्युनिपर, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते." जूनीनं नाक मुरडलं, डोळे गच्च मिटले आणि मग एकदम उघडून तिच्याकडे पाहिलं. ब्रेंडाचा ओला हात तिच्या कपाळावर जरा जास्तच वेळ राहिला. मग तिनं स्वतःच्या झग्यानं पोरीचं तोंड पुसलं आणि सगळ्यांना केक वाटला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला मुख्याध्यापिका नादिया अख्तर यांच्या खोलीत त्या स्वतः, टॅमसिन, ब्रेंडा आणि फिलिपाबाई अशा चौघी बसल्या होत्या. टॅमसिननं कोट काढलेला नव्हता.

"माझी मुलगी घरी येऊन सांगते, आई, मी झाले. म्हटलं, काय झालीस? तर म्हणे, देवाची."

"अहो, पिण्याचं पाणी होतं," ब्रेंडा म्हणाली. "बाटलीतलं."

"पाण्याचं कुणी बोलतंय का? मला विचारलंत?"

"पोरांचा खेळ होता तो. किती मनाला लावून घ्यायचं?"

"तुम्ही माझ्या मुलीवर काहीतरी घातलंत. मला न विचारता. आणि वर मीच मनाला लावून घेते म्हणता."

ब्रेंडाला खरोखर कळत नव्हतं की या बाईला एवढं लागलंय काय. जी देवच मानत नाही, तिच्या पोरीचं देव काय वाकडं करणार? ती तसं बोलणारच होती, तेवढ्यात नादिया म्हणाली, "ब्रेंडा, हिरव्या डब्यातल्या चटईवर तू मुलांना वाकायला लावशील?"

"छे. कधीच नाही."

"का गं?"

"ती खरी असते ना," ब्रेंडा म्हणाली, आणि बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं.

टॅमसिननं मग शांतपणे सांगितलं की ती जूनीला धर्मशिक्षणाच्या तासातून काढून घेते आहे. आईबापांना तसा कायद्यानं हक्क आहे, कारण द्यावं लागत नाही. त्या तासाला जूनी ग्रंथालयात बसून चित्रं रंगवील. सगळ्या वर्गात त्या तासाची वाट बघणारी ती एकच पोर होती.

"तिला नका काढू," ती म्हणाली. "मला हवं तर बाहेर काढा."

टॅमसिननं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती फिलिपाबाईंकडे वळली. "मला एक सांगा. मी ह्यातलं काही मानत नाही, तरी विचारते. लागू झालं का ते?"

फिलिपाबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "पाणी हवं, शब्द हवेत, आणि करणाऱ्याच्या मनात ते खरोखर करायचं असायला हवं. नाटक असेल तर नाही झालं. पण पाणी आणि शब्द एका जागी आले की मला धाकधूक वाटते. म्हणून तर मी दर वर्षी कुंड कोरडं ठेवते."

म्हणजे ते अंगरख्यासाठी नव्हतं. ब्रेंडाला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

"मग सांगा," टॅमसिन तिला म्हणाली. "काल तुमच्या मनात काय होतं?"

खेळ होता, एवढंच ब्रेंडाला म्हणायचं होतं. पण कपाळावर हात ठेवताना तिच्या मनात काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते या खोलीत सांगण्यासारखं नव्हतं.

नादियानं तिची अडचण पाहिली. "पण ब्रेंडा काही पाद्री नाही," ती म्हणाली. "त्यामुळे मुळात प्रश्नच येत नाही, हो ना?"

"येतो की," फिलिपाबाई म्हणाल्या. "त्याला पाद्री लागत नाही. जीव जायची वेळ असली तर कुणीही देऊ शकतं. नर्स, टॅक्सीवाला, शेजारीण. कुठल्या का पंथाचा असेना. नळाचं पाणी चालतं. नंतर आम्ही फक्त नोंद करून घेतो."

खोलीत कुणाला काही वाटलं नाही. टॅमसिननं मान हलवली. नादिया घड्याळाकडे बघत होती.

"कधीपासून?" ब्रेंडानं विचारलं.

"काय कधीपासून?"

"हे. कुणीही देऊ शकतं ते."

"पहिल्यापासून, ब्रेंडा. शेकडो वर्षं."

"सत्याहत्तर साली होतं?"

आता तिघीही तिच्याकडे बघायला लागल्या. तिच्या आवाजात काही नव्हतं, राग नाही, रडू नाही, नुसता एक प्रश्न. फिलिपाबाईंनी हळूच सांगितलं की हो, होतं.

"माझ्या खाटेशी पाण्याचा जग होता," ब्रेंडा म्हणाली.

ती उठली. खुर्ची मागे पडली ती तिनं उचलली नाही. कुणीतरी तिला हाक मारली. कोट खुंटीवरच राहिला आणि ती तशीच शाळेच्या फाटकाबाहेर पडली. काचेचा जग, वर जाळीचं झाकण, झाकणाला निळे मणी. इतकी वर्षं तो जग तिला जसाच्या तसा आठवत होता आणि त्यातलं पाणी कशाला होतं हे तिला आज कळत होतं. खाली निरोप पाठवायचा होता, एवढंच. नर्सला सांगायचं, बाई गं, तू दे. अर्ध्या मिनिटाचं काम. काउलिंग आले असते नाहीतर जेवत बसले असते, काय फरक पडला असता? ज्या वर्गात बाप्तिस्मा शिकवतात त्या वर्गात ती इतकी वर्षं बसली होती. अंगरखा शिकवत, मेणबत्ती शिकवत, केकसुद्धा शिकवत. हे एक तेवढं कुणी शिकवलं नव्हतं.

जेरी गावाबाहेरच्या भाजीच्या वाफ्यावर होता. बसगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याचा सगळा जीव रुबार्ब नावाच्या आंबट देठांच्या भाजीत. कोवळे देठ उजेडापासून जपायला तो त्यांच्यावर मडकी पालथी घालत होता. ब्रेंडा वाफ्याच्या कडेला येऊन उभी राहिली, बिनकोटाची.

"जेरी, बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं म्हणे."

काय झालं, कोण म्हणालं, कोट कुठाय, यातलं काहीही त्यानं विचारलं नाही. हातातलं मडकं तसंच धरून तो गुडघ्यांवर बसून राहिला. एवढा संसार झाल्यावर माणसाच्या न विचारण्याचाही अर्थ कळतो.

"तुला ठाऊक होतं."

"शाळेत शिकवलं होतं," तो मातीकडे बघत म्हणाला. "आमच्या." जेरी आयरिश बापाचा, कॅथलिक, ब्रेंडाकडच्यांपेक्षा वेगळ्या पंथाचा. "सिस्टर कॉलंबा किटली आणि उशी घेऊन यायची. उशीला बाप्तिस्मा द्यायला लावायची, एकेकाला उभं करून. उशी चिंब व्हायची. म्हणायची, उद्या रस्त्यात कुणी मरायला टेकलं तर फादर येईपर्यंत काय शेंगा खात बसणार आहात?"

"आणि तू मला सांगितलं नाहीस. मी तिथे वर ओरडत होते, पाद्रींना बोलवा म्हणून, आणि तुला ठाऊक होतं, आणि तू..."

"मी केलं, ब्रेंडा."

ती वाफ्यात एक पाऊल पुढे आली.

"मला खाली आत सोडलं होतं, पेटीपाशी. मी नर्सकडे पाणी मागितलं. तिनं कापसाचा बोळा भिजवून दिला आणि पाठ केली. मी केलं."

बसायला काही नव्हतं, म्हणून ब्रेंडा एका पालथ्या मडक्यावर बसली, आणि जेरीनं तिला अडवलं नाही, यावरूनच त्याची काय अवस्था होती ते समजावं. लग्न ठरताना ब्रेंडाच्या आईनं अट घातली होती, तुझ्या रोमवाल्या कॅथलिकांचं काहीएक माझ्या नातवंडांवर चालायचं नाही. लग्न तिच्या चर्चमध्ये झालं. ब्रेंडानं स्वतः त्याचा हात हातात घेऊन वचन मागितलं होतं आणि त्यानं दिलं होतं.

"मला न विचारता," ती म्हणाली. "माझ्या पोरावर. मला न विचारता." आणि आपण कुणाचे शब्द बोलतोय ते तिला कळलं.

"वचन मोडलं होतं मी," जेरी म्हणाला. "कुठल्या तोंडानं सांगणार?"

"काउलिंगनं पुस्तक मिटलं तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास."

"होतो."

"तोंड उघडायचंस."

"उघडलं होतं. तुझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं." त्यानं मडकं खाली ठेवलं. "मला वाटलं, आमचं तुमच्यात धरत नसतील. त्या माणसानं तिथे सगळ्यांसमोर म्हटलं असतं, हे चालत नाही, तर तुझं काय झालं असतं? म्हटलं, पुढे सांगू. मग तू त्याच्यावर जो राग धरलास, तेवढ्यावरच तू उभी आहेस असं मला वाटायला लागलं. तो काढून घेतला तर तू पडशील."

"धरतात," ब्रेंडा म्हणाली. "कुठल्याही पंथाचं धरतात. आजच सांगितलं मला."

जेरीनं पहिल्यांदा मान वर केली. हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या शाळेत त्याचं शिकवलं होतं आणि तिच्या शाळेत तिचं, आणि एकमेकांत काय चालतं ते दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं एका छताखाली, एका मुलाचं दुःख दोघांनी दोन खोल्यांत ठेवलं होतं.

ती उठली आणि घरी गेली. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली नाही. त्यानं चहा करून पुढे ठेवला तो ती प्यायली नाही. राग आला होता, फार आला होता, पण तो काउलिंगवर काढायची इतकी सवय झाली होती की जेरीवर कसा काढायचा ते तिला उमजेना. आणि रागाच्या खाली दुसरंच काही होतं, त्याला ती अजून हात लावायला धजत नव्हती.

सकाळी शाळेच्या फाटकात तिनं टॅमसिनला गाठलं. जूनी आधीच आत पळाली होती.

"मी विचारायला हवं होतं," ब्रेंडा म्हणाली.

"काल तर पोरांचा खेळ म्हणत होतात."

"काल मला कळत नव्हतं. आता कळलं, न विचारता घातलं की कसं लागतं ते." ती थांबली. "आणि तुम्ही विचारलंत, मनात काय होतं. खेळ नव्हता. माझा एक मुलगा गेला, तान्हा. माझ्या मनात तो होता. ते पाणी मी तुमच्या जूनीवर घालतच नव्हते."

मुलं आत जात राहिली, घंटा झाली, तरी टॅमसिन तिथेच उभी होती. मग म्हणाली, "म्हणजे ते जूनीचं झालंच नाही."

"मला ठाऊक नाही. पाद्रीबाईंना विचारा."

"नको. नाही विचारत." तिनं गळपट्टा सारखा केला. "मी तिला तासातून काढणार नाही. मी घरी सांगितलं तिला, कुणीही देऊ शकतं म्हणून. झोपेपर्यंत माझं डोकं खाल्लं, कुणीही देऊ शकतं तर मग पाद्री कशाला. मला काही उत्तर आलं नाही. तुम्ही वर्गात सांगा."

"मलाही येत नाही."

"मग तसं सांगा. पण ते कुणीही देऊ शकतं, हे सोडू नका."

"नाही सोडणार," ब्रेंडा म्हणाली.

दुपारी ती घरी आली तेव्हा जेरी स्वयंपाकघरात किटलीपाशी उभा होता. तिचा शाळेत राहिलेला कोट तिनं आज घालून आणला होता. तो न काढताच ती टेबलाशी बसली. पिशवीतून तिनं तो पांढरा अंगरखा काढला आणि पुढ्यात ठेवला. बाहुलीला आता दुसरं काहीतरी शिवावं लागणार होतं. जेरीनं अंगरख्याकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं. इतकी वर्षं तो कुठे होता हे त्याला ठाऊक नव्हतं.

"नाव काय घेतलंस?" तिनं विचारलं.

"सायमन. आपलं ठरलं होतं तेच."

किटली उकळायला लागली. त्यानं ती बंद केली नाही.

"पाणी लागलं तेव्हा," ब्रेंडा म्हणाली, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. "पाणी लागलं तेव्हा त्यानं काय केलं?"

"नाक मुरडलं," जेरी म्हणाला. "एवढंसं. मग डोळे उघडले."

"डोळे उघडले होते त्यानं?"

"हो," जेरी म्हणाला. "बघत होता."